खुब्याची वाटी काढली, पण भरली नाही

एक्स-रेवर उजव्या जांघेच्या वर कुणी मूठभर लाह्या सांडाव्यात तसं दिसत होतं. पांढरे ठिपके, अर्धवट कड्या, मधे धुरकट जागा. पुस्तकं याला पॉपकॉर्न म्हणतात, मी शिकाऊ डॉक्टरांना लाह्याच सांगतो. नागपंचमीला सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. कूर्चेपासून वाढणाऱ्या गाठीत चुना असाच साठतो. एक्स-रे बघितल्यावर निदान जवळपास ठरलेलंच होतं. प्रश्न पुढचे होते.

रुग्णाचं वय 44, सातारा जिल्ह्यातला, एसटीत कंडक्टर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दुसऱ्या एका रुग्णाच्या एक-दोन गोष्टी यात मिसळल्या आहेत. वैद्यकीय मुद्दे मात्र जसेच्या तसे.) चौदा महिने जांघ दुखत होती. आधी चालताना, मग बसताना, शेवटी रात्री झोपेतून उठवण्याइतकी. दिवसभर उभं राहून हेलकावे खाणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच, असं घरच्यांनी ठरवलं, डॉक्टरांनीही ठरवलं. कमरेचा एमआरआय झाला, त्यात एक चकती जराशी सरकलेली निघाली. या वयात आणि या धंद्यात ती निघाली नसती तरच नवल. सायटिका म्हणून गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. कमरेचा एमआरआय जिथे संपतो, तिथून चार बोटं खाली गाठ सुरू होत होती.

ओटीपोटाच्या पोकळीचा हाच घात आहे. हातापायावर लिंबाएवढी गाठ आली तरी दिसते. इथे आत जागा भरपूर. मूत्राशय बाजूला सरकतं, आतडी वर जातात, कुणी तक्रार करत नाही. आमच्याकडे आला तेव्हा गाठ 13 सेंटिमीटर लांब होती, म्हणजे साधारण शहाळ्याच्या आतल्या नारळाएवढी, आणि बाहेरून पोट सपाट. गुदमार्गातून बोट घालून तपासलं तर उजवीकडे दगडासारखं कठीण लागलं. चौदा महिन्यांत ही तपासणी कुणीही केली नव्हती. ज्या दुखण्याची जागा नीट सापडत नाही, त्यात ती दोन मिनिटांत होते आणि फुकट होते.

त्याच्या उजव्या कुल्ल्यावर चार सेंटिमीटरचा आडवा व्रण होता. आमच्याकडे येण्याआधी एका रुग्णालयात तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, झाली होती, उघडून, मागच्या बाजूने. व्रण छान भरला होता. मला तो बघूनच धस्स झालं.

हाडाच्या गाठीची बायोप्सी ही किरकोळ शस्त्रक्रिया समजली जाते आणि बऱ्याचदा ज्याला वेळ असेल तो ती करतो. पण सुई किंवा सुरी ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडतात. कूर्चेच्या गाठीच्या तर हमखास, कारण तिचा गर जेलीसारखा असतो, कुठेही रुजतो. म्हणून ती अख्खी वाट, कातडीपासून हाडापर्यंत, पुढे गाठीबरोबर एकसंध काढावी लागते. त्यामुळे बायोप्सीचा छेद मोठ्या शस्त्रक्रियेच्या छेदाच्या रेषेवरच हवा, आणि ती रेष कुठून जाणार हे ज्याला माहीत आहे त्यानेच तो घ्यावा किंवा निदान त्याला विचारून घ्यावा. ओटीपोटाच्या हाडांसाठी ही रेष बहुधा कमरेच्या कडेवरून पुढे जांघेकडे येते. कुल्ल्यावरून जात नाही. कुल्ल्याचा स्नायू आणि त्यावरची कातडी हा आमचा राखीव साठा असतो. पाय वाचवता आला नाही आणि पायासकट ओटीपोटाचं अर्धं हाड काढायची वेळ आली, तर ती प्रचंड जखम झाकायला हेच कातडं पुढे ओढून आणतात. या रुग्णात तोच साठा दूषित झाला होता.

अमेरिकेत मँकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये अशा 329 रुग्णांचा आढावा घेतला आणि चुकीच्या बायोप्सीमुळे किती जणांचे उपचार बदलावे लागले, काहींचे पाय कसे विनाकारण गेले, ते मांडलं. 1996 मध्ये 597 रुग्णांवर तोच अभ्यास पुन्हा केला. चौदा वर्षांत चित्र फारसं सुधारलं नव्हतं. मूळ उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी दुसरीकडे बायोप्सी झाली की गुंतागुंत कित्येक पट वाढते, हे दोन्ही वेळा दिसलं. त्यामुळे दोष एका माणसाचा आहे असं मला म्हणायचं नाही. हा सवयीचा दोष आहे.

काचपट्ट्या मागवून आमच्या पॅथॉलॉजिस्टने पुन्हा वाचल्या. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, ग्रेड 2, आक्रमकतेच्या तीन पायऱ्यांतली मधली. एवढ्या मोठ्या गाठीत एका कोपऱ्यातल्या तुकड्यावरून ठरवलेला ग्रेड पक्का मानायचा नसतो, दुसऱ्या कोपऱ्यात तीन असू शकतो. शिवाय ओटीपोटातली कूर्चेची गाठ कागदावर सौम्य दिसली तरी वागायला सौम्य नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या वर्गीकरणात ग्रेड 1 ला हातापायांत असताना सार्कोमा म्हणणंच सोडून दिलं, पण ओटीपोटात आणि कण्यात असली तर कॉन्ड्रोसार्कोमा हेच नाव कायम ठेवलं. छातीचा सीटी स्वच्छ निघाला. केमोथेरपीला ही गाठ दाद देत नाही, नेहमीच्या रेडिएशनलाही जवळपास नाही. म्हणजे हत्यार एकच, आणि संधीही बहुतेक एकच. पहिल्या वेळी कडा स्वच्छ, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला गाठीच्या पेशी नसलेल्या, मिळाल्या नाहीत तर दुसऱ्यांदा मिळणं फार कठीण.

ओटीपोटाचं अर्धं हाड म्हणजे तीन हाडांचा जोड. वर पंख्यासारखं पसरलेलं इलियम, पुढे प्युबिस, खाली ज्यावर आपण बसतो ते इशियम. तिन्ही एकत्र येतात तिथे खुब्याची वाटी. एनेकिंग आणि डनहॅम यांनी 1978 मध्ये या हाडाचे काढण्याच्या सोयीने भाग पाडले : एक म्हणजे इलियम, दोन म्हणजे वाटी, तीन म्हणजे प्युबिस-इशियम, पुढे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी धरलं तर चार. आमची गाठ दोन आणि तीनमध्ये होती. यातला दोन हा आकडा सगळ्यात वाईट. एक किंवा तीन काढला तर माणूस थोडंफार लंगडत चालतो. दोन गेला की मांडीचं हाड कशाला टेकवायचं, हाच प्रश्न उरतो.

पाय वाचेल की नाही, हे ठरवायचा आमचा हिशोब सोपा आहे. तीन गोष्टी बघायच्या : मागची सायटिक नस, पुढच्या मांडीच्या रक्तवाहिन्या आणि फिमोरल नस, आणि खुब्याचा सांधा. तिन्हींपैकी एक गेली तर पाय ठेवण्यात अर्थ आहे. दोन गेल्या तर ठेवलेला पाय कामाचा राहत नाही, नुसता ओझं होतो. इथे सांधा जाणारच होता. एमआरआयमध्ये सायटिक नसेभोवती चरबीची पातळ पांढरी रेघ शाबूत दिसत होती. रक्तवाहिन्या गाठीने वर उचलल्या होत्या, पण गिळल्या नव्हत्या. म्हणजे एकच जात होती. एकेकाळी हा हिशोबच नव्हता. बिलरोथने 1891 मध्ये पायासकट अर्धं ओटीपोट काढलं, तो रुग्ण वाचला नाही. 1895 मध्ये जिरारचा वाचला. त्यानंतर कित्येक दशकं मोठ्या गाठीला तोच एक उपाय होता.

हे सगळं मी आकृती काढून सांगत असताना कंडक्टरनी मला थांबवलं. "साहेब, पाय ऱ्हातोय का जातोय, तेवढं आधी सांगा. बाकीचं मग ऐकतो."

"राहील असं दिसतंय. पण आत गेल्यावर नस धरलेली निघाली तर काढावा लागेल. त्याची सही आधी घेणार."

त्यांच्या बायकोने पदर सावरला आणि म्हणाल्या, "माणूस ठेवा तेवढा. पायाचं मागनं बघू." ते त्यांच्याकडे बघत राहिले. सही झाली.

एक गोष्ट त्यांनी विचारली नाही, कुणीच विचारत नाही, ती आपण काढावी लागते. शिश्नाचं एका बाजूचं मूळ याच खालच्या हाडाला चिकटलेलं असतं, ते सोडवावं लागतं, आणि तिथून जाणाऱ्या बारीक नसा धोक्यात येतात. संबंधांवर परिणाम होऊ शकतो, हे नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून सांगितलं. ऑब्च्युरेटर नस तर गाठीबरोबर जाणारच, त्यामुळे मांडी आत ओढण्याची ताकद कमी होणार, हेही.

खरा वाद नंतर झाला, आणि तो रिकाम्या जागेवरून झाला. पुतण्या पुण्यात आयटीत. त्याने मोबाइलवर टायटॅनियमचं छापलेलं अर्धं ओटीपोट दाखवलं. खोटं काही नव्हतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला क्रेग गेरँड यांनी साठीतल्या एका रुग्णाला, कॉन्ड्रोसार्कोमाच्याच, असं थ्रीडी छापलेलं हाड बसवलं होतं. 2014 मध्ये त्याची जगभर बातमी झाली आणि तो माणूस काठी घेऊन चालत होता. आपल्याकडेही असे भाग बनतात. काढलेल्या हाडातून गाठ खरवडून, त्याला एकाच वेळी 50 ग्रे इतका मोठा रेडिएशनचा डोस देऊन तेच हाड परत बसवण्याची पद्धतही आहे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यावर भरपूर काम झालं आहे.

मी नको म्हणालो. पैसा हे कारण होतं, पण दुय्यम. मुख्य कारण तो व्रण. कुल्ल्याचं कातडं आणि खालचा स्नायू लांबट तुकड्यात कापून काढावा लागणार, म्हणजे धातूवर झाकायला जाड मांस उरणार नाही. ओटीपोटातल्या मोठ्या धातूच्या भागांना जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण एरवीच इतकं आहे की पाचात एकाला झाला तर कुणी भुवया उंचावत नाही. इथे आच्छादन पातळ, शेजारी आतडी आणि मूत्राशय, आणि जखमेचा सांधा नेमका धातूवर. संसर्ग झाला तर माणूस महिनोन्‌महिने पलंगावर, शेवटी धातू बाहेर, आणि मग जे उरतं ते न भरल्यापेक्षा वाईट. माझा एक तरुण सहकारी मात्र ठाम होता. चाळिशीतल्या माणसाला लंगडा का करायचं, वर्षभरात तो कुबडी टाकून देईल, असं त्याचं म्हणणं. आमच्या बैठकीत यावर बराच वेळ गेला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दुसऱ्या रुग्णात मी कदाचित त्याच्या बाजूने असतो.

ठरलं ते असं : वाटी काढायची, मांडीच्या हाडाचा गोळा ठेवायचा, आणि तो वर सरकवून इलियमच्या उरलेल्या भागाखाली टेकवायचा. भोवती जाळीची पिशवी करून ती हाडाला शिवायची, म्हणजे कालांतराने व्रणाची घट्ट खोळ तयार होते. जर्मनीत विंकलमन यांनी ही पद्धत रूढ केली. पाय आखूड होतो, सांधा सांध्यासारखा राहत नाही, पण वजन पेलतो. आणि आत सडण्यासारखं फार काही नसतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मूत्ररोगतज्ज्ञाने उजव्या मूत्रवाहिनीत स्टेंट घातला, म्हणजे गाठ सोडवताना ती नळी बोटाला लागते आणि चुकून कापली जात नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या आधी बंद करण्याची प्रक्रिया केली नाही. मूत्रपिंडातून पसरलेली गाठ असती किंवा जायंट सेल ट्यूमर असता तर केली असती, कूर्चेच्या गाठीत तसंही रक्त कमी. रक्ताची सोय मात्र भरपूर हवी होती. आदल्या दिवशी डेपोतून नऊ जण रक्तपेढीत आले, त्यातले चार खाकी कपड्यांतच, ड्यूटी उतरून.

पुढून रक्तवाहिन्या सोडवताना प्युबिसच्या मागच्या कडेवर एक आडवी वाहिनी असते, ऑब्च्युरेटर आणि बाहेरच्या इलियाक वाहिन्यांना जोडणारी. नाव कोरोना मॉर्टिस, मृत्यूचा मुकुट. नाव नाटकी आहे, पण तुटली तर तिचं टोक हाडामागे आत ओढलं जातं आणि रक्त कुठून येतंय ते दिसत नाही. सापडली, बांधली, मग कापली. प्युबिसचा मधला जोड कूर्चेचा असतो, तो सुरीनेच उघडतो. त्या वेळी मूत्रमार्गातली कॅथेटर बोटाखाली धरून ठेवायची.

सगळ्यात जपून करायचं काम मागच्या खाचेत. सायटिक नस तिथून बाहेर पडते, करंगळीपेक्षा जाड, आणि तिच्या जरा वर कुल्ल्याची मुख्य धमनी. या दोघींच्या आणि हाडाच्या मधून वाकडा चिमटा सरकवून जिगली करवत, म्हणजे दातेरी तार, ओवून घ्यायची. मी बोटाने नस बाजूला धरली, सहकाऱ्याने तार पुढे ओढून घेतली. हाड कुठल्या कोनात कापायचं याचा साचा सीटी आणि एमआरआयवरून आधीच छापून आणला होता, हाडावर टोपीसारखा बसणारा प्लास्टिकचा तुकडा. छपाईचं तंत्र मला इथे खरं उपयोगी वाटतं, भरण्यापेक्षा कापण्यासाठी. तार दोन्ही हातांनी लांब धरून, सपाट कोनात, सावकाश. घाई केली की तापते आणि तुटते. दोन-तीन मिनिटांत हाड सुटलं.

मग त्रिकास्थीकडून येणारे दोन जाड अस्थिबंध कापले आणि एवढा वेळ न हलणारा तुकडा गंजलेलं दार उघडावं तसा बाहेर वळला. सांधा उघडल्यावर मांडीच्या गोळ्याला वाटीशी जोडणारा जो बारीक दोर असतो, त्याच्या टोकाचा तुकडा फ्रोझनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासायला, पाठवला. वाटीतली गाठ त्या दोरावरून सांध्यात उतरू शकते. तसं असतं तर गोळाही काढावा लागला असता आणि सगळा बेत बदलला असता. थिएटरमध्ये वीस मिनिटं कुणी बोललं नाही, भूलतज्ज्ञाचा मॉनिटर तेवढा वाजत होता. फोन आला : गाठ नाही.

जाळी शिवली, गोळा वर टेकवला, पोटाची भिंत दुसऱ्या जाळीने बंद केली. आठ तास, रक्ताच्या सात पिशव्या. सायटिक नस अखंड. अतिदक्षता विभागात जाग आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चादर उचलून खाली बघितलं. मग पायाचा अंगठा हलवला. नर्सला वाटलं पाय दुखतोय.

नवव्या दिवशी व्रणाने आपला हिशोब मागितला. कुल्ल्यावरचा बायोप्सीचा भाग काढल्यामुळे मुख्य छेदाला मागे एक फाटा फुटला होता, आणि दोन छेद मिळतात त्या कोपऱ्यातली कातडी काळी पडली, तळहाताच्या निम्म्याएवढी. ती कापून काढली, व्हॅक्यूमची पट्टी लावली, दर तीन-चार दिवसांनी बदलली. खाली धातू नव्हता. पाचव्या आठवड्यात मांडीचं पातळ कातडं लावून जखम बंद झाली. माझ्या तरुण सहकाऱ्याने त्या काळात एकदाही विषय काढला नाही, मीही नाही.

अंतिम अहवालात ग्रेड 2 कायम राहिला, सगळ्या कडा स्वच्छ, बायोप्सीच्या वाटेसकट. सगळ्यात जवळची कड आतल्या बाजूला, तीन मिलिमीटर. मला पाच तरी हवे होते. पण पलीकडे मूत्राशय होतं.

सहा आठवडे पाय फाकवून ठेवणाऱ्या ब्रेसमध्ये, मग वॉकर, मग कुबड्या. पाय साडेपाच सेंटिमीटर आखूड झाला. दुकानातून करून घेतलेला उंच तळव्याचा बूट त्यांना जड वाटला. गावच्या चर्मकाराने जुन्या चपलेला चार थर रबर चिकटवून, मधून पोखरून, निम्म्या वजनाची चप्पल करून दिली. आता मी इतर रुग्णांनाही तिचा फोटो दाखवतो. मांडी घालून बसता येत नाही, उकिडवं तर नाहीच. घरात कमोड बसवावा लागला. पंगतीला खुर्ची लागते, याचं त्यांना सगळ्यात वाईट वाटतं. ज्या विषयावर आम्ही दोघांना बसवून बोललो होतो, त्याबद्दल वर्षभराने बायकोच म्हणाल्या, "तसलं काही नाही, बरं आहे." मी पुढे विचारलं नाही.

बसमधलं काम सुटलं, डेपोत टेबलाचं मिळालं. डाव्या हातात एक काठी, घरात काठीशिवाय. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीला ते एसटीनेच आले होते, आणि त्यांनी मुद्दाम सांगितलं की पायरी डाव्या पायाने चढतो, उतरताना आधी उजवा टाकतो, कुणाला हात देऊ देत नाही.

ही गाठ दहा वर्षांनंतरही परत आलेली लोकांनी पाहिली आहे. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी झालं, आता दर सहा महिन्यांनी छातीचा सीटी आणि ओटीपोटाचा एमआरआय. तीन मिलिमीटरच्या त्या कडेकडे मी प्रत्येक वेळी सगळ्यात आधी बघतो. आत्तापर्यंत तिथे फक्त व्रण आहे. पुढची तारीख जानेवारीत.